खांब नंबर तेवीस ते पंचवीस

तो माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल जे बोलेन त्यातलं किती घ्यायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

तो सरकारी इन्स्पेक्टर होता. वर्षातून एकदा, होळीच्या आधी, जीपमधून भाईंदरला यायचा आणि आमच्या नळाची तपासणी करून जायचा. नळ म्हणजे पाण्याचा नव्हे. खाडीच्या धक्क्यावर बार्जमधून डिझेल उतरायचं, तिथून ते जमिनीखालच्या लोखंडी नळातून मोरवा गावाकडची मिठागरं ओलांडून पंपघरात आणि पुढे कंपनीच्या टाक्यांत जायचं. मी त्या नळाचा गस्तवाला होतो. सत्तर सालाच्या आगेमागेची गोष्ट. नळ जिथून गेलाय तिथे जमिनीवर सिमेंटचे चाळीस खांब रोवलेले होते. प्रत्येकावर पांढरा चुना, लाल रंगात नंबर आणि खाली ‘धोका’. रोज सकाळी गोडदेवच्या खोलीवरून निघायचं, पंपघरात हजेरी लावायची आणि एक नंबरपासून चाळीस नंबरपर्यंत चालत जाऊन परत यायचं. कुठे जमीन ओली दिसतेय का, गवत जळलंय का, वास येतोय का, कोणी खोदतंय का, एवढं बघायचं. संध्याकाळी गस्तीच्या वहीत एक ओळ लिहायची. वर्षातले साडेतीनशे दिवस ती ओळ एकाच शब्दाची असायची: ठीक.

मी हंगामी होतो. सहा वर्षं हंगामी. गोडदेवला एका खोलीत आम्ही रत्नागिरीकडचे पाच जण राहायचो आणि बायको तिकडे माहेरी. सासऱ्यानं स्पष्ट सांगितलं होतं, कायम झालात की पोरीला न्या, तोवर नाही. म्हातारा हट्टी होता, पण त्याचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पाच पुरुषांच्या खोलीत बायकोला आणून ठेवणार कुठे? कंपनीत कायम झाल्याशिवाय वेगळी खोली कोणी देत नव्हतं. तेव्हा कायम होणं म्हणजे माझ्या लेखी संसार सुरू होणं होतं, आणि ते त्या इन्स्पेक्टरच्या रिपोर्टवर अडलं होतं. रिपोर्टात गस्तीबद्दल एक जरी वाकडी ओळ आली, की कंपनी फाइल बंद करायची ती पुढच्या वर्षापर्यंत.

त्याच्या आधीचा इन्स्पेक्टर जाडा, आनंदी माणूस होता. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा तो जीपमधूनच तपासणी करायचा, पंपघरात चहा घ्यायचा, सही करायचा, जायचा. त्याच्या काळात मी कायम झालो असतो. पण तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी हा आला. बारीक, ताठ, इस्त्रीची पँट, खिशात दोन पेनं आणि एक लाल पेन्सिल. सोबत कमरेइतकी लोखंडी सळई. बोलणं अगदी शुद्ध आणि मला ‘तुम्ही’ म्हणायचा. त्याच्या त्या ‘तुम्ही’पेक्षा शिवी परवडली असती.

पहिल्या वर्षी त्यानं लिहिलं, नऊ आणि सोळा नंबरच्या खांबांवरचे आकडे पुसट आहेत. माझं कायम होणं एक वर्ष लांबलं. दुसऱ्या वर्षी लिहिलं, एकतीसपाशी गवत गुडघ्याच्या वर आहे. आणखी एक वर्ष. त्या दिवशी त्यानं माझ्या खिशातून विड्या आणि काड्याची पेटी काढायला लावली आणि ती स्वतः जीपमध्ये नेऊन ठेवली. नियमच आहे म्हणाला. तिथून वीस पावलांवर मिठागरातल्या बायकांची चूल धडधडत होती, तिच्यावर भात शिजत होता. ती त्याला दिसली नाही, कारण त्याच्या छापील फॉर्मवर चूल नव्हती आणि विडी होती.

तिसऱ्या वर्षाची गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. त्या दिवाळीनंतर माझे वडील वारले. तार आली तसा मी उठून गावी गेलो आणि सात दिवस तिकडे होतो. कंपनीनं बदली माणूस दिला नाही, त्यामुळे वहीत सात ओळी कोऱ्या राहिल्या. इन्स्पेक्टरनं पंपघरात बसून वही उघडली, पानं चाळली आणि त्या कोऱ्या ओळींवर बोट ठेवलं.

“या सात दिवसांत लाइनवर कोण होतं?”

“माझे वडील वारले होते साहेब.”

“ते मी विचारलं नाही.”

मग त्यानं लाल पेन्सिलीनं त्या सात ओळींभोवती गोल काढला, पानाच्या खाली सही केली आणि रिपोर्टात लिहिलं, सात दिवस लाइन बेवारस. बेवारस तर मी झालो होतो, पण त्याला रकाना नव्हता. त्या माणसाच्या कानाखाली वाजवायची माझी फार इच्छा होती. मी त्याला डबा उघडून दिला, पाणी दिलं आणि जीपपर्यंत उन्हाची छत्री धरून गेलो. नोकरी माणसाला काय काय करायला लावते.

आता मिठागराचं सांगायला हवं. बावीस नंबरपासून सव्वीसपर्यंतचा नळ एका म्हातारीच्या मिठागराखालून जायचा. ती मोरव्याची आगरी बाई, नवरा गेलेला, दोन सुना आणि एक मुलगा घेऊन मिठाचे सात वाफे राखायची. जमीन सरकारी, वाफे पिढ्यान्‌पिढ्या यांच्याकडे. मला ती ‘रत्नागिरी’ म्हणूनच हाक मारायची. मी तिला मावशी म्हणायचो. मिठाच्या वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून सिमेंटसारखा घट्ट करावा लागतो, आणि एकदा तो झाला की त्यात चप्पल घालून कोणी पाय टाकत नाही. मीठ धरायला लागलं की परका माणूस अनवाणीसुद्धा उतरत नाही. बांधावरूनच चालायचं. मीही कायम बांधावरूनच चालायचो. तिथे तीच रीत होती.

वडील गेले त्या वर्षी पावसाळ्यात भरतीनं तिचा बाहेरचा बांध फुटला आणि वाफ्यांमधले तीन खांब आडवे झाले. तेवीस, चोवीस आणि पंचवीस. पाऊस सरल्यावर या लोकांनी बांध घातला, वाफे नव्यानं तुडवले आणि कोणी न सांगता माझे तीन खांबही उचलून उभे केले. वाफ्याच्या मधोमध नाही, बांधावर, एका ओळीत, अगदी ओळंब्यात. वाफ्यात खांब कोण रोवणार? मी आलो तेव्हा मावशी म्हणाली, “तुजं खांब उबं केलं रं रत्नागिरी, आता पडाचं न्हाईत.” मला बरं वाटलं. माझे दोन दिवस वाचले होते. मी तिथेच बसून तिच्या हातचा काळा चहा प्यायलो, खांबांना चुना लावला आणि पुढे रोज त्या खांबांना हात लावत बांधावरून चालत राहिलो. नळ तिथून चाळीस-पन्नास पावलांवर वाफ्याखाली होता. तो माझ्या डोक्यातून गेला. खांब दिसले की नळ दिसला, अशी सवय झाली होती.

त्याच हंगामात मावशी सांगायला लागली.

“या मदल्या वाफ्यान मीठ धरत न्हाय. धरलं तं पिवलं येतंय. हाताला चिकाट लागतंय.”

मी बघितलं. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा पातळ तवंग होता. मी म्हटलं, मावशी, खाडीत लाँची चालतात, त्यांचं तेल भरतीबरोबर येतं. हे मी खोटं म्हणून बोललो नाही, मला खरंच तसं वाटलं. खांबांजवळची जमीन कोरडी ठणठणीत होती. मी वहीत लिहिलं, ठीक. पुढच्या हंगामात तिनं पुन्हा सांगितलं, मी पुन्हा लाँचींवर ढकललं, आणि पुन्हा लिहिलं, ठीक.

चौथ्या वर्षी तपासणीच्या आधी मॅनेजरनं मला बोलावलं. गुजराती माणूस, मनानं वाईट नव्हता. म्हणाला, “देख भाई, इस साल रिपोर्ट क्लीन पाहिजे. क्लीन आला तर तू पक्का. मी वर बोलून ठेवलंय.” मी तीन आठवडे राबलो. चाळीसच्या चाळीस खांबांना चुना, आकड्यांना नवा रंग, गवत मुळापासून साफ. त्यातही दहा, वीस, तीस आणि चाळीस यांची मी जरा जास्त बडदास्त ठेवली. कारण हा माणूस दर दहाव्या खांबाशी थांबायचा, सळई जमिनीत खुपसायचा आणि खाली लोखंडाचा ठण्ण आवाज आला की फॉर्मवर खूण करायचा. नियमात दहावा खांब म्हटलेलं होतं. त्यामुळे तीन वर्षांत त्यानं अकरावा खांब कधी तपासला नाही आणि चोविसावाही नाही.

त्या दिवशी मी त्याला मुद्दाम उन्हाच्या वेळी काढला आणि लांबच्या बांधावरून नेला. त्यानं पाणी मागितलं तेव्हा मोरव्याच्या विहिरीचं मचूळ पाणी पुढे केलं. त्यानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि तांब्या परत दिला. मला फार समाधान वाटलं. दहा ठण्ण वाजला, वीस ठण्ण वाजला. माझ्या डोळ्यांपुढे बायकोची ट्रंक दिसायला लागली होती.

चोवीस नंबरला मावशी बांधावर उभी होती. हातात मूठभर मीठ. ती मला नाही, सरळ त्यालाच म्हणाली, “सायब, ह्यो बगा. दोन वरसं ह्यो वाफा मेलाय. कंपनीच्या मान्साला सांगून दमलू.”

मी मध्येच म्हटलं, “खाडीतलं तेल आहे साहेब. लाँचींचं.”

त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. तिच्या हातातला एक खडा उचलून जिभेला लावला, थुंकला, रुमालानं ओठ पुसले. मग चोवीस नंबरशी जाऊन सळई खुपसली. आवाज नाही. एक हात सोडून पुन्हा. आवाज नाही. दुसऱ्या बाजूला. ओली माती फक्त. तेव्हा मला कळलं. माझी नजर वाफ्याच्या मधोमध गेली.

तो बूट घालूनच वाफ्यात उतरला. मावशी म्हणाली, “बूट काडा सायब,” पण तो चालत मधोमध गेला, मागे चिखलाचे ठसे ठेवत, आणि तिथे सळई खुपसली. ठण्ण. सळई वर ओढून त्यानं टोकाचा वास घेतला. डिझेलचा वास मला बांधावरही आला.

तो परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता असं मी शपथेवर सांगेन. इतक्या वर्षांनी मी त्याच्या हातात पुरता सापडलो होतो.

“नळ तिथे आहे. खांब इथे आहेत. म्हणजे इतके दिवस तुम्ही नळावर नव्हे, बांधावर गस्त घालताय. हे खांब हलवल्याचं तुम्ही कधी कळवलंत का?”

आणि मग मला वही आठवली. एका दिवसाला एकच ओळ, त्यामुळे एक वही चार-पाच वर्षं पुरायची. खांद्यावरच्या मेणकापडाच्या पिशवीतून ती काढली आणि पान शोधलं. शोधायला वेळ लागला नाही, कारण त्या पानावर लाल गोल होता. माझ्या बापाच्या सात कोऱ्या ओळी. त्या गोलाच्या बरोबर वर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘खांब २३, २४, २५ पावसात पडले होते. मिठागरवाल्यांनी बांधावर उभे केले.’ आणि खाली त्याची सही, तारखेसकट.

वही त्याच्या नाकासमोर धरून मी म्हटलं, “कळवलं होतं साहेब. आपण वाचून सही केलीय.”

इतका गोड क्षण माझ्या नोकरीत दुसरा आला नाही. त्यानं ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. कोऱ्या ओळी त्याला दिसल्या होत्या, भरलेली दिसली नव्हती. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, आता बस, भोग.

पण तो गुंतला की मीही गुंतत होतो. खांब हलल्याचं मला माहीत होतं असं वहीच सांगत होती, आणि तरी पुढे दीड वर्ष मी ‘ठीक’ लिहीत होतो. त्याची नोकरी जाते की काय आणि माझं कायम होणं जातं की काय, दोन्ही त्याच एका ओळीत होतं. हे त्याला माझ्याआधी कळलं. त्यानं वही मिटली, मला परत दिली आणि पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात बोलला.

“म्हणजे खांब मिठागरवाल्यांनी हलवले. बरोबर ना?”

तीन वर्षं मी त्याचा द्वेष केला होता. त्याचं एक वाक्य मला कधी पटलं नव्हतं. हे पटलं.

“बरोबर साहेब,” मी म्हटलं.

एका माळेचे मणी झालो आम्ही, तिथे उन्हात उभे राहून. बांधाच्या टोकाला थांबलेल्या जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यानं पंचनामा लिहिला. सुरक्षेचे खांब परवानगीशिवाय जागेवरून हलवले, त्यामुळे गस्तीत अडथळा आला, संबंधितांना ही गोष्ट मान्य आहे. पंच म्हणून मी सही केली, ड्रायव्हरनं केली. मग तो म्हणाला, बाईंचा अंगठा घ्या. मावशी उत्साहानं पुढे आली. तिला वाटलं, तिच्या वाफ्याची तक्रार लिहिली जातेय. तिचा अंगठा मीच धरला आणि शाईवर टेकवला. मिठाच्या पाण्यात आयुष्य गेलेलं, अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. तीनदा टेकवला तेव्हा काहीतरी उमटलं.

“लिवलं क सगलं?” तिनं विचारलं.

“लिहिलं,” मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात कंपनीनं गुपचूप वाफा खणला. नळाला गंजून सुईएवढं भोक पडलं होतं. पट्टी बसवली, माती लोटली, तीन खांब पुन्हा जागेवर रोवले. रिपोर्टात शेरा आला, गस्त समाधानकारक. दोन महिन्यांत मी कायम झालो. गोडदेवलाच वेगळी खोली मिळाली आणि ज्येष्ठ लागता लागता बायको ट्रंक घेऊन आली. इन्स्पेक्टरची बदली झाली ती बढतीवर. मला कधी कधी वाटतं, त्यानं मला त्या दिवशी सरळ बुडवलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं. मला वाचवलं, हे मी त्याला कधीच माफ करणार नाही.

आषाढात एका दुपारी मावशी खोलीवर आली. पंपघरात विचारून विचारून पत्ता काढलेला. ओच्यात एक सरकारी कागद होता, पावसात भिजू नये म्हणून पिशवीत गुंडाळलेला. बायकोला म्हणाली, “तुजा नवरा चांगला हाय. मना तक्रार लिवून दिल्लीन. त्याचा कागूद आलाय.” बायकोनं तिला पाट दिला, स्टोव्हवर चहा ठेवला.

मी कागद उघडला. सुरक्षेच्या खांबांशी छेडछाड केल्याचं कबूल केल्यामुळे खालील वाफे पुढील हंगामापासून काढून घेण्यात येत आहेत. सातही वाफ्यांचे नंबर होते. खोटं वाचावं असं मनात आलं, नाही म्हणत नाही. पण पावसाळा संपला की तिला कळणारच होतं. मी सगळं वाचून दाखवलं.

“परत वाच,” ती म्हणाली.

मी परत वाचलं. स्टोव्हचा आवाज थांबला होता. बायकोनं तो बंद केला होता आणि ती माझ्याकडे बघत उभी होती.

“हे कबूल कोनी केलं?”

“तुझा अंगठा आहे मावशी.”

“आनि नलातून तेल गलत व्हतं, त्याचं काय लिवलंय?”

“त्याचं काही नाही लिहिलेलं.”

तिनं कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी घातली, पुन्हा पिशवीत ठेवला. मला बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. उंबऱ्याशी जाऊन तिनं मागे वळून विचारलं, रागानं नव्हे, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं.

“मंग तुमी दोगं बगाला काय आल्ते?”